शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरायचं

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ ही म्हण ज्यानं काढली, तो मला आयुष्यात एकदा तरी भेटायला हवा होता. त्याचा डावा हात आणि डावा पाय मी पंच्यानं करकचून बांधला असता, आमच्या दवाखान्याच्या हौदात त्याला उभं केलं असतं आणि विचारलं असतं, "हं, आता बोला महाराज, काय काय येतं?" या एका म्हणीनं मला जेवढा त्रास दिला तेवढा सासरच्या माणसांनीही दिला नाही.

ही गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला नुसता तालुका होता. वाशीमहून अनसिंगकडे जाताना गावाबाहेर एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना होता. मागे संत्र्याची बाग, बागेत विहीर, विहिरीवर तेलाचं इंजिन आणि इंजिनाचं पाणी साठवायला दगडी हौद. मी नागपूरला व्यायामोपचार शिकून आले होते. माझे वडील रिसोडकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, आणि त्यानंतर वडिलांनी मुलींच्या शिक्षणाचा असा काही ध्यास घेतला की मला शाळेतून एक दिवस घरी ठेवायची आईची छाती होत नसे. त्या घरातून मी आले, पांढरा कोट घालून, आणि आल्या आल्या डॉक्टरसाहेबांना म्हटलं, "हा हौद मला द्या."

"कपडे धुवायला?" त्यांनी विचारलं.

"माणसं चालवायला," मी म्हटलं.

नागपूरला एका बाईंनी आम्हाला ते दाखवलं होतं. छातीइतक्या पाण्यात माणूस उभा राहिला की त्याचं वजन अगदी थोडं उरतं. जमिनीवर जो गुडघा भार घेत नाही तो पाण्यात घेतो. लकवा मारलेला हात, जो बाजेवर लाकडासारखा पडलेला असतो, तो पाण्यात आपसूक वर तरंगतो, आणि तो वर आलेला पाहून माणूस रडायचाच बाकी राहतो. काही जण रडतातही. शिवाय हिवाळ्यात विहिरीचं ताजं पाणी सकाळी कोमट असतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी गरम करायचा खर्च वाचला.

अडचणी काय कमी होत्या? शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून तळाला पोती अंथरून कडेनं धोंडे ठेवले. धरायला बांबू आडवे बांधले. बायांचं तर वेगळंच. लुगड्यात हवा शिरली की ते फुग्यासारखं वर येई, आणि बाई पायाचा व्यायाम सोडून दोन्ही हातांनी लुगडं दाबत बसे. शेवटी मी मांजरपाटाचे घोळदार चोळणे शिवून घेतले आणि हौदाला ताडपत्रीचा आडोसा केला. पुरुष सकाळी, बाया दुपारी. वर्षभरात पोलिओची लेकरं, लकव्याची माणसं, सांधे धरलेल्या बाया अशी रांग लागली. ज्यांना फेफरं येतं, ज्यांना ताप आहे, ज्यांना उघडी जखम आहे त्यांना पाणी बंद, आणि डॉक्टरांनी रक्तदाब मोजल्याशिवाय कोणालाही पाण्यात घ्यायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी पाणी सांभाळून घेत असे.

पण माणूस बरा होऊन घरी गेला की सहा महिन्यांनी परत तसाच आखडून येई. एस.टी.नं रोज कोण येणार? तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या किती जणांना धरणार? धरणारे तयार करा." म्हणजे गावोगावची माणसं बोलवायची, त्यांना शिकवायचं, आणि त्यांनी आपापल्या गावातल्या हौदात, तळ्यात लोकांकडून व्यायाम करून घ्यायचा. मला वाटलं, यात काय, इथलं प्रत्येक पोरगं विहिरीत पोहतं. पाण्याला न भिणारे शिक्षक आयते मिळतील.

तेच नडलं. पाण्याला न भिणारा माणूस भिणाऱ्याचा सगळ्यात वाईट शिक्षक असतो.

आठ-दहा जण जमले. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानंच हाक मारायचो. रिसोडचा एक पैलवान होता. आमच्याकडे पोहायला शिकवतात ते पाठीला रिकामा डबा बांधून आणि विहिरीत ढकलून. त्याच्या काकानं त्याला असंच ढकललं होतं आणि त्यानं गावातल्या निम्म्या पोरांना तसंच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी त्याला मी गुडघे धरलेले एक म्हातारबुवा सोपवले. मी पाठ फिरवते न फिरवते तोच त्यानं म्हातारबुवांना बोचक्यासारखं उचललं आणि हौदाच्या मधोमध सोडून दिलं. म्हातारबुवा गटांगळी खाऊन वर आले ते पैलवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच.

"हे काय केलंस?" मी ओरडले.

"भेव गेलं ना बाई त्याईचं!" पैलवान छाती काढून म्हणाला. "गटांगळी खाल्ल्याबिगर पानी येत नाई मानसाले."

"अरे, त्यांना पोहायचं नाही! त्यांना संडासला बसता आलं पाहिजे, एवढंच!"

दुसरे अनसिंगचे निवृत्त मास्तर. ते धोतराला पाणी लागू नये म्हणून काठावर उभे राहून शाळेतल्या कवायतीसारखे हुकूम सोडायचे, "हाऽऽत वर!" लकव्याच्या माणसाला ‘हात वर’ म्हणायचं! त्या दिवशी मी सगळ्यांना बाहेर काढलं, आळीपाळीनं एकेकाचा एक हात अन् एक पाय पंच्यानं बांधला आणि परत पाण्यात घातलं. पैलवानाला मास्तरांच्या हातात दिलं. बाप रे, काय ती गंमत! गावातली एकही कुस्ती न हरलेला तो गडी एका पायावर झोकांडी गेल्याबरोबर मास्तरांच्या गळ्याला अशी मिठी मारून बसला की मास्तरांचा चष्मा तळाशी गेला. बाहेर आल्यावर मात्र त्यानं पंचा सोडून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "बाई, त्या बुढ्याची माफी मांगून येतो." आणि खरंच गेला. त्या संध्याकाळपासून आमचा एक नियम ठरला. शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरायचं, आजाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहायचं. काठावरून शिकवायचं नाही.

या सगळ्यांत एक बाई होती. आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली, म्हणून तिला आसेगाववाली म्हणायचे. तिशीच्या आतबाहेरची, सातवी शिकलेली, बौद्ध वस्तीतली, लग्नानंतरही माहेरच्याच गावात राहणारी. तिच्या मेलेल्या बहिणीची पोलिओ झालेली मुलगी तिनंच वाढवली होती. त्या मुलीला कडेवर घेऊन ती आमच्याकडे आली आणि महिनोन्महिने राहिली. जीभ अशी की मिरची बरी. नवरा जिनिंगमध्ये होता, आणि त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायची, "हाये. कापसासारखा हाये. जिकडं हवा, तिकडं."

तिची चूक पैलवानाच्या उलट होती. ती कोणालाही पाण्यात घेतलं की उचलून धरायची. भाचीला सात-आठ वर्षं कडेवर वागवलं होतं, हातांना तीच सवय. मी तिला म्हणायचे, "अगं, पाणी उचलतंय ना तिला? मग तू कशाला उचलतेस? तू फक्त हात लावून ठेव." तिला ते पटायचं, पण हात ऐकायचे नाहीत. शेवटी एक दिवस भाचीच ओरडली, "मावशी, सोड ना वो, मी उभी हाये!" आसेगाववालीनं हात काढले. पोरगी उभी होती. आसेगाववालीनं आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. त्यानंतर तिचे हात जे शिकले ते मी आजवर शिकवलेल्या कोणाचे शिकले नाहीत. हे मी अभिमानानं सांगते, आणि पुनःपुन्हा सांगेन.

शिकवणी संपली तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं. होळीच्या सुमाराला ते स्वतः गावोगाव फिरणार. जिथं पाण्यात आजारी माणसं आणि त्यांच्यासोबत शिक्षक दिसेल, तिथं तो ट्रस्टचा कायमचा शिक्षक. जिथं नसेल, तिथलं काम बंद.

आसेगाववाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, मले हे काम पाह्यजेच. लोकाईच्या वावरात निंदाले गेली तं पोरीले कोन पानी दाखवन? तिचा पाय पुन्हा पह्यल्यावानी होईन." तिला काय हवं होतं ते इतकं साधं होतं.

आणि सोयही झाली होती, असं आम्हाला वाटत होतं. तिच्या गावात एक मोठं घर होतं, संत्र्याची बाग, सिमेंटचा नवा हौद. त्या घरच्या म्हाताऱ्या आईला उजव्या अंगावरून लकवा गेला होता, आणि त्या आमच्या दवाखान्यात मुक्काम करून माझ्या हाताखाली पाण्यात व्यायाम करून गेल्या होत्या. जाताना त्यांचा मुलगा, त्या घरचा मालक, डॉक्टरांना म्हणाला होता, "आमच्या गावात तुमचा शिक्षक धाडा साहेब, हौद आमचा." शिक्षक कोण असेल ते तेव्हा ठरलं नव्हतं.

मी आसेगाववालीबरोबर गेले. भाचीही सोबत होती, आपली काठी टेकत. अंगणात म्हातारीबाई बाजेवर बसल्या होत्या, शेजारी सून. मालकानं मला खुर्ची दिली. आसेगाववाली उभीच राहिली. मालक माणूस वाईट नव्हता, आवाज चढवून बोलणाराही नव्हता. त्यामुळंच मला जास्त राग आला.

"बाई," तो म्हणाला, "काम चांगलं हाये. हौद तुमचाच समजा. फकत हिनं पान्यात उतरू नये. काठावर बसावं अन् सांगावं. मायची सून हुशार हाये, थे धरन तिले. त्याच हौदाचं पानी आमी घरात बी वापरतो, म्हून म्हनतो." मग भाचीकडे पाहून म्हणाला, "हिच्यासाठी बी नाई नाई म्हनत. संध्याकाळी पानी बागेत सोडाच्या पह्यले हिनं यावं. तिले बी फायदा."

मी आसेगाववालीकडे पाहिलं. भाचीसाठी हौद मिळत होता. शिक्षिका म्हणून नाव राहत होतं. होळीला डॉक्टर आले असते तर पाण्यात माणसंही दिसली असती. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मालक," ती म्हणाली, "पडत्या मानसाले काठावरून धरता येत नाई. तुमच्या मायचा पाय सटकला तं मी तिथी बसून काय पाहू? मी पान्यात असीन तं शिकवीन. नाई तं नाई."

"तुह्या भल्याचं सांगून राह्यलो मी."

"थे समजलं मले."

तिथं थांबायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण माझं डोकं तापलं होतं. मी म्हातारीबाईंच्या बाजेपाशी गेले आणि म्हटलं, "आजी, दवाखान्यात रोज तुमचं डोकं माझ्या या हातावर होतं. माझा स्पर्श चालला ना? मी पण हिच्याच समाजातली आहे. माझ्या घराची भिंत अन् हिच्या घराची भिंत सारखीच."

म्हातारीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या वाकड्या उजव्या हाताकडे पाहिलं. सुनेनं पदर तोंडाला लावला. मालक फक्त एवढंच म्हणाला, "दवाखाना येगळा, बाई. घर येगळं." म्हातारीबाई डाव्या हातानं बाजेचा खूर धरून उठल्या आणि सुनेच्या आधारानं आत गेल्या. हौद गेला तो गेलाच.

तेव्हा मला नीट कळलं की मला लोक चालवून घेत होते ते कोटामुळे. कोटाची जात कोणी विचारत नाही. आसेगाववाली मात्र त्या गावात कोणाची लेक आणि कोणाची नात हे शेंबड्या पोरालाही माहीत. तिच्यासाठी कुठलाच कोट शिवून मिळणार नव्हता.

फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत बसलो तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "तुमी कायले बोलल्या मधी? माह्यं भांडन होतं थे. मी भांडून राह्यली होती ना चांगली?"

"मला राहवलं नाही."

"तुमी जासान वाशीमले. मले इथी राह्यचं हाये." मग जरा वेळानं तोंड फिरवून म्हणाली, "पन बरं केलं. बुढीचं तोंड पाह्यलं का तुमी?" मला त्या बोलण्याचा आजही पस्तावा नाही. तिच्या जागी मी असते तर मीही उखडले असते, तेवढंच.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तडजोड करायची होती. चालू तर झालं असतं." मी कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी स्वतः कधी काठावरून नाडी पाहिली होती का?

मग आसेगाववालीनं काय केलं, तर ती पाझर तलावावर गेली. दुष्काळात रोजगाराच्या कामावर गावानं तो तलाव खोदला होता. सगळ्या जातींची माणसं एका रांगेत माती वाहत होती, तिच्या डोक्यावरही पाटी होती. "त्या तलावाच्या बांधात माह्या पाट्या हायेत," ती मला म्हणाली. "तिथून मले कोन उठवते, पाह्यतो मी." सांडव्याच्या बाजूला तळ मुरमाचा होता, घट्ट, पाय न रुतणारा, आणि उतार हळू. तिनं चिखलाचा भाग काठीनं चाचपून सोडून दिला, पोती अंथरली, बांबू रोवले, आणि बाभळीला चादरी बांधून बायांसाठी आडोसा केला. सुरुवातीला तिची भाची आणि वस्तीतल्या गुडघे धरलेल्या दोन-तीन बाया. त्या सगळ्यांना तिनं आधी एस.टी.त घालून आमच्याकडे आणलं, डॉक्टरांकडून दाब मोजून घेतला, आणि मगच पाण्यात नेलं. नंतर तांड्यावरच्या दोघी आल्या. मग गावातली एक कुणब्याची बाई आली, तोंड झाकून, आणि तिसऱ्या दिवसापासून तोंड उघडं ठेवून.

पण पाझर तलाव तो. पाणी जिरावं म्हणूनच बांधलेला. संक्रांत झाली आणि पाणी मागे सरकू लागलं. दर आठवड्याला ती बांबू उपटायची आणि पुढे रोवायची. फाल्गुन लागला तेव्हा आडोसा काठापासून इतका लांब राहिला की तोही हलवावा लागला. मी एकदा भेटायला गेले तर ती कमरेला पदर खोचून पाण्याला शिव्या देत होती. "होळीलोक तरी थांब रे, मेल्या!" डॉक्टर यायच्या आत पाणी आटलं असतं तर काम बंद, आणि मुरमावर उभं राहून ती काय दाखवणार होती?

अखेर दवाखान्याची जीप निघाली. रिसोडला पैलवान छान काम करत होता. तो आता माणसांना पाण्यात इतक्या हळू उतरवायचा की डॉक्टरच कंटाळले. अनसिंगचे मास्तर धोतर खोचून छातीभर पाण्यात उभे होते. मला दोघांचाही अभिमान वाटला, पण माझा जीव आसेगावच्या बाजूला लागला होता.

आम्ही बांधावर जीप उभी केली. पाणी होतं. तळ्याच्या मधोमध उरलेल्या डबक्याला तलाव म्हणायचं तर म्हणा, पण छातीइतकं होतं. बाया पाण्यात एकमेकींच्या मागे आडव्या पावलांनी चालत होत्या, आसेगाववाली त्यांच्यात उभी, आणि भाची काठी काठावर ठेवून बांबू धरून पाय मागेपुढे हलवत होती. डॉक्टर नुसते "वा" म्हणाले.

एवढ्यात बाभळीखालून कोणीतरी हाक मारली. तिथं एक बैलगाडी सोडलेली होती. गाडीत गोधडीवर मोठ्या घरच्या म्हातारीबाई, शेजारी सून. मालक बांधावर तोंड पाडून उभा.

"डॉक्टरसाहेब!" म्हातारीबाई तणतणल्या. "बरं झालं आले. हे पोरगी मले पान्यात घेत नाई!"

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मला काहीच कळेना.

"चार-पाच दिस झाले, रोज गाडी जुतून येतो आमी," म्हातारीबाई सांगत होत्या. "घरच्या हौदात सुनेनं धरलं, पन तिचे हात कापतेत, मले बी भेव वाटते. हात तं पार खांद्याजोळ धरून गेला. माह्यं लुगडं मले नेसता येत नाई, येनी घालता येत नाई. म्हटलं, जाऊ द्या जग गेलं खड्ड्यात. आली इथी. तं हे म्हनते, डॉक्टरनं दाब मोजल्याबिगर घेत नाई! मले म्हनते! मी म्हटलं, अवो, मी तं पह्यले दवाखान्यात होती. तं म्हनते, थे पह्यलं, आता आताचा दाखवा."

मी आसेगाववालीकडे पाहिलं. ती पाण्यातून बाहेर येऊन काठावर ठिबकत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सूड उगवल्याचं कसलंच चिन्ह नव्हतं. "मंग काय करू, बाई?" ती म्हणाली. "माह्या वस्तीतल्या बायाईले दाबाबिगर घेतलं नाई, तं इले कशी घेऊ? काही झालं म्हंजे?"

मला जे हसू आलं ते आवरेना. आयुष्यात मला बऱ्याच जणांनी शाबासकी दिली, एक-दोन शालीही मिळाल्या, पण त्या बाभळीखाली जो अभिमान वाटला तो परत कधी वाटला नाही. ज्या बाईला हिचा हात नको होता, ती आता हिचा हात मिळत नाही म्हणून डॉक्टरांकडे तक्रार करत होती, आणि हिच्या डोक्यात फक्त रक्तदाब होता.

डॉक्टरांनी गाडीतच पट्टा बांधून दाब मोजला. "थोडा वर आहे. पण चालेल. छातीच्या वर पाणी नको."

"आयकलं ना आजी?" आसेगाववाली म्हणाली. "छातीवर नाई." हिची आई याच बाईंना जन्मभर मालकीणबाई म्हणत आली होती. शिकवणीत आम्ही सांगितलं होतं की आजाऱ्याला नात्यानं हाक मारा, आणि तिनं ती सहज मारली.

सुनेनं आणि तिनं म्हातारीबाईंना दोन्ही बाजूंनी धरून काठापर्यंत आणलं. सवयीनं मी चपला काढल्या, निऱ्या खोचल्या आणि पाण्याकडे निघाले. म्हातारीबाई माझ्या ओळखीच्या, अवघड आजारी, डॉक्टर समोर उभे. मी उतरणार यात मला काही विचार करायचाच नव्हता.

"बाई, तुमी थांबा तिथीच," आसेगाववाली म्हणाली. "दोघी झालो तं त्या कोनाचं आयकतीन? मी हाये ना."

मी थांबले. मी बाभळीच्या सावलीत उभी राहिल्यानं कोणाचंही काही अडत नव्हतं. कोणालाही शिकवण्याचा शेवट असाच व्हायला हवा, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ती पुढे, पाठमोरी चालत, म्हातारीबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून. घोटा, पिंढरी, गुडघा. म्हातारीबाई एकदा अडखळल्या, तिनं उचललं नाही, फक्त कमरेला हात लावला, आणि पाण्यानं त्यांना उभं केलं. छातीइतक्या पाण्यात दोघी समोरासमोर थांबल्या. ती काहीतरी हळू सांगत होती, आम्हाला ऐकू येत नव्हतं. म्हातारीबाईंचा आखडलेला उजवा हात पाण्याखालून सावकाश वर येत होता.

मालकाला राहवेना. तो बांधावरून ओरडला, "माय, सांभाळून! पाय घट्ट रोव! हात जास्त वर नेऊ नोको!"

म्हातारीबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू चूप बैस," त्या म्हणाल्या. "मले इचं आयकू दे."